सेंट्रल लॉक नसलेल्या जुन्या आल्टोला घरी अलार्म बसवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की फोंड्यात राहता, जुनी आल्टो घेतलीय, तिला सेंट्रल लॉक नाही आणि रात्री ती घरासमोर रस्त्यावरच असते. अलार्मचं किट मागवून ठेवलंय. ते स्वतः बसवावं का, आणि शेजारी म्हणतात तसा त्याचा नुसता त्रासच होतो का, हे तुम्हाला हवंय.

बसवता येईल. मी डिचोलीचा, पेशाने इलेक्ट्रिशियन नाही. मावसभाऊ ऑटो-इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्या हाताखाली दोन गाड्यांना अलार्म बसवलाय. त्याआधी माझ्या गाडीला एका दुकानातून बसवून घेतला होता, तेव्हा तुमचे शेजारी म्हणतात तो त्रास पुरेपूर भोगला. जूनचा पाऊस लागला आणि सलग तीन रात्री दोन-अडीचला सायरन सुरू. पहिल्या रात्री अख्खा वाडा बाहेर आला, तिसऱ्या रात्री कोणी खिडकीही उघडली नाही. तेव्हाच मला कळलं, की कारण नसताना वाजणाऱ्या अलार्मचा राखणीला काही उपयोग नाही, कारण खरा चोर आला तरी कोणी बघायला येणार नाही.

दोष निघाला बॉनेटच्या पिन-स्विचमध्ये. बॉनेट उघडलं की हा स्विच अर्थ होतो, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडला जातो, आणि अलार्म वाजतो. दुकानातल्या मुलाने तो नेमका पाणी वाहून जाणाऱ्या खाचेत बसवला होता. पाणी आणि गंज मिळून बॉनेट बंद असतानाही अर्थ लागत होता. आपल्याकडे गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून हा स्विच उंच, कोरड्या कडेला बसवा आणि त्याला थोडं ग्रीस लावा. सायरनचं तोंड खाली ठेवा, नाहीतर त्यात पाणी साचतं. बॉनेटमधून आत येणारी वायर आधीच्या रबरी बुशमधूनच घ्या. आत शिरण्याआधी ती खाली झोळासारखी सोडा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल, वायरीवरून आत केबिनमध्ये येणार नाही.

तुमच्या गाडीला सेंट्रल लॉक नसल्याने चारही दारांत लॉकच्या मोटरी बसवाव्या लागतील. ड्रायव्हरच्या दाराची मोटर पाच वायरींची असते, कारण बाकीच्या तिघींना तीच हुकूम देते. उरलेल्या दोन-दोन वायरींच्या. दाराचं पॅड काढणं, मोटरची सळई लॉकच्या सळईच्या रेषेत आणणं, यातच खरा घाम निघतो. अर्धा दिवस धरा. सळई तिरकी बसली तर मोटर जोर लावत राहते आणि लवकर जळते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पिवळ्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावू नका. वायर शोधायला बल्बचा टेस्टर न वापरता मल्टिमीटर वापरा. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका. उन्हात टेपचा डिंक सुटतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती) चढवा. अर्थची वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट करा.

स्टार्टर तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) किटमध्ये असेल. तुमच्या किल्लीत चिपचा इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) आधीच असेल तर हा रिले जोडायची गरज नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद करणारी जोडणी तर कधीच करू नका. अनमोडच्या घाटात उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात.

आता शॉक सेन्सर, म्हणजे गाडीला धक्का बसला की सायरन वाजवणारा भाग. किटची सगळी किंमत याच्या सेटिंगवर आहे, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. सेन्सर वायरीवर लोंबकळत ठेवू नका, स्टीअरिंगखालच्या लोखंडी पट्टीला स्क्रूने आवळा. त्यावरचा छोटा स्क्रू आधी सगळ्यात कमीवर आणा. गाडी रिमोटने लॉक करा, मिनिटभर थांबा, मग दाराच्या खांबावर तळहाताने थाप मारा. वाजत नसेल तर स्क्रू किंचित फिरवा आणि पुन्हा पहिल्यापासून. जोरदार थापेला वाजला पाहिजे, बाजूने कदंबची बस गेली तर वाजता कामा नये. एवढ्यावर थांबू नका. चवथीचे फटाके, नरकासुराच्या रात्रीचे मोठे स्पीकर, शिगम्याचे ढोल, या दिवशी गाडी जवळपास असेल तर लक्ष ठेवा आणि वाजली तर स्क्रू आणखी थोडा मागे घ्या. मला नीट जमायला तीन-चार संध्याकाळी लागल्या. आणि माडाखाली गाडी लावत असाल तर जागा बदला. नारळ पडला की अलार्म वाजणारच, तो त्याचा दोष नाही.

एक चाचणी जरूर करा: एक काच खाली ठेवून रिमोटने लॉक करा, थोड्या वेळाने आत हात घालून दार उघडा. सायरन वाजला नाही तर दाराच्या स्विचची वायर चुकलीय.

लॉक करताना सायरनचा होणारा छोटा ‘चिप’ आवाज रात्री बंद ठेवा. बहुतेक रिमोटवर त्याचं बटण असतं. रात्री दहा ते सकाळी सहा ही शेजाऱ्यांच्या झोपेची वेळ आहे आणि आवाजाचे नियमही त्या वेळेत कडक आहेत.

सगळं झाल्यावर बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर ओळीत जोडून, गाडी लॉक असताना किती करंट जातो ते मोजा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या ओढीने महिनाभरात पूर्ण रिकामी होते, आणि गाडी स्टार्ट न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. घरातले कोणी बोटीवर किंवा आखातात असतील आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर निगेटिव्ह काढून ठेवायला सांगा.

विम्यात सूट मिळेल या आशेवर असाल तर आधी किटला पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेची मान्यता आहे का ते बघा आणि विमा कंपनीला विचारा. स्वस्त किटवर ती गृहीत धरू नका.

रिमोटचा सेल अचानक संपला तर किल्लीने दार उघडावं लागतं आणि सायरन सुरू होतो. तेव्हा इग्निशन चालू करून किटचं छोटं ओव्हरराइड बटण दाबायचं असतं. ते कुठे लपवलंय आणि किती वेळा दाबायचं, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. कोणती वायर कुठे जोडली त्याचा कागद घरी ठेवा, गाडीत नको.