आजारपणाच्या रजेत काढून टाकले, पगारही थकला

प्रश्न : मी रबाळे येथील कारखान्यात ६ वर्षे पॅकिंगचे काम करतो. काविळीमुळे रजेवर असताना ‘उद्यापासून येऊ नका’ असा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. मागचा पगारही मिळालेला नाही.

उत्तर : पगाराच्या पावतीवर राज्य कामगार विम्याची ०.७५ टक्के कपात आहे का, हे आधी पाहावे. ती असेल आणि आपल्याला विम्याचा आजारपणाचा लाभ (सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत) मिळत असेल, तर त्या काळात मालकाला आपल्याला कामावरून काढता येत नाही. थकलेला पगार हा स्वतंत्र हक्क असून, सेवा संपवल्यास तो कामाच्या २ दिवसांत द्यावा लागतो. राजीनाम्यावर सही मागतील, बहुधा मागतातच. ती करू नये. तो निरोप जपून ठेवून ठाण्यातील कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.