जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) टॅगवाल्या मानवी जीनचे लेंटिव्हायरल पार्टिकल (जीन सेलमध्ये नेणारे व्हायरसचे कण) रेडिमेड मागवावेत का? एचआयव्हीपासून बनतात म्हणजे धोका किती?

साताऱ्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट, मॅडमनी या पार्टिकलची व्हायल मागवायला सांगितलीय, घरचे एचआयव्ही ऐकून हादरलेत आणि प्लाझ्मिड (जीन असलेलं डीएनएचं कडं) तर स्वस्त मिळतो, मग हे कशाला, असं विचारलंय तुम्ही. मी सांगलीत दोन वर्षं हेच केलंय म्हणून लिहितो.

आधी सेल कुठले ते बघा. हेक 293 (लॅबमध्ये सहज वाढणारे मानवी सेल) असतील तर व्हायरसच्या नादी लागूच नका, प्लाझ्मिड टाका, दुसऱ्या दिवशी हिरवं दिसतं. पण न्यूरॉन किंवा प्रायमरी सेल (थेट ऊतीतून काढलेले) असले तर ते प्लाझ्मिड सहजी आत घेत नाहीत, आणि जे सेल घेतात त्यांच्यातूनही विभाजन होता होता तो निघून जातो. लेंटिव्हायरस जीन नेऊन थेट क्रोमोसोममध्ये बसवतो, सेल विभाजन करत नसला तरी. पैसे त्याचेच आहेत.

एचआयव्हीचं म्हणाल तर सांगाडा त्याचाच आहे, खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या पिढीच्या सिस्टिममध्ये गॅग-पोल आणि रेव्ह (हे व्हायरसचे जीन), बाहेरचं वेष्टन आणि तुमचा जीन असे चार वेगवेगळे प्लाझ्मिड असतात, पार्टिकलमध्ये फक्त तुमच्या जीनचा आरएनए पॅक होतो, त्यामुळे तो एकदा सेलमध्ये शिरतो आणि तिथंच त्याचं काम संपतं, पुढं पिल्लं काढत नाही. तरी वेष्टन व्हीएसव्ही-जीचं (दुसऱ्याच एका व्हायरसचं प्रोटीन) असतं आणि ते माणसाच्या जवळपास कुठल्याही सेलला चिकटतं, त्यामुळे बीएसएल-2 (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) लॅब, ग्लोव्ह्ज, उरलेल्या मीडियात ब्लीच, सुई शक्यतो नकोच. जीन कॅन्सरशी संबंधित असेल तर जास्तच जपा. कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी ऑर्डरच्या आधी घ्या, नंतर धावपळ होते.

आता माझं रडगाणं. माझं पार्सल शुक्रवारी निघालं, शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून, सोमवारी खोका उघडला तर ड्राय आइस संपलेला, आणि व्हायल हलवली की आत पाणी डुचमळतंय. तरी जीव तोडून टाकलं. 72 तासांनी मायक्रोस्कोपखाली अख्ख्या वेलमध्ये (प्लेटच्या एका खळग्यात) मोजून सात हिरवे सेल! त्यामुळे सप्लायरला सांगा, सोमवारीच पाठव. आल्या आल्या बर्फावर वितळवून छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे 80 ला टाका, कारण दरवेळी वितळवून परत गोठवलं की टायटर (एमएलमागे कामाचे पार्टिकल किती) घसरतो. आणि फ्रीझर जनरेटरवर आहे का ते विचारा, आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

हिशोब सोपा आहे. टायटर एमएलला 1 कोटी असेल आणि वेलमध्ये 1 लाख सेल, तर एमओआय (सेलमागे किती पार्टिकल) 1 साठी 10 मायक्रोलिटर. पण एमओआय 1 म्हणजे सगळ्यांना एक-एक मिळालं असं नाही, साधारण 37 टक्के सेल कोरडेच राहतात, म्हणून 1, 5, 10 असं लावून बघा. पॉलिब्रीन (व्हायरसला सेलमध्ये शिरायला मदत करणारं रसायन) एमएलला 8 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं पण काही सेल त्यानंच मरतात, आधी नुसतं पॉलिब्रीन टाकून बघा.

हां, टॅग. जीएफपी 27 किलोडाल्टनचा धोंडा आहे, प्रोटीनच्या ज्या टोकाला काम असेल तिथंच लागला तर प्रोटीन कामातून गेलं. प्रोटीनच्या पुढच्या टोकाला सिग्नल पेप्टाइड (त्याला योग्य जागी पाठवणारा तुकडा) असेल तर टॅग मागच्या टोकालाच घ्या. तुलनेसाठी फक्त जीएफपीवाली कंट्रोल व्हायल त्याच ऑर्डरमध्ये मागवा, मॅडम खर्चावरून कुरकुरल्या तरी.