झीज थोडी, दुखणं जास्त : असं का?

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. एक्स-रेमध्ये 'ग्रेड २' आली, म्हणजे झीज बेताचीच, असं डॉक्टर म्हणाले. पण गेल्या वर्षी वडील गेल्यापासून दुखणं खूप वाढलंय, रात्री झोपही लागत नाही. तिला त्रास नको म्हणून आम्ही कुठलंच काम करू देत नाही. शेजारी म्हणतात, हे मनाचं दुखणं आहे. खरं काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आईंचं दुखणं पूर्ण खरं आहे. 'मनाचं आहे' असं त्यांच्यासमोर कुणालाही बोलू देऊ नका.

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, वेदना दिसत नाही. शून्य ते चार ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडली. ती मुख्यतः हाडांच्या कडेला वाढलेले काटे आणि सांध्यातली कमी झालेली फट पाहून ठरते. ग्रेड ४ असूनही आरामात चालणारे आणि ग्रेड २ मध्ये हैराण झालेले, दोन्ही प्रकारचे रुग्ण असतात. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, वेदनेच्या नसा नसतात. संदेश निघतात ते सांध्याच्या अस्तरातून, आवरणातून आणि कूर्चेखालच्या हाडातून. मेंदू हे संदेश मज्जारज्जूतच दाबू किंवा वाढवू शकतो. अपुरी झोप, शोक, एकटेपणा आणि सततची धास्ती यांमुळे दाबण्याची ही क्षमता घटते. मग गुडघा तोच असला तरी दुखतो जास्त.

तुमच्या घरात आणखी एक गोष्ट घडते आहे. काम काढून घेतल्याने मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो, गुडघ्यावर ताण वाढतो आणि 'माझ्याच्याने काही होत नाही' हे मनात पक्कं बसतं. 'हाडावर हाड घासतंय', 'वंगण संपलं' अशी वाक्यंही हालचालीची भीती वाढवतात. तेव्हा भाजी निवडणं, कणीक मळणं, देवपूजा ही कामं त्यांना खुर्चीवर बसून करू द्या. दर तासाला 'दुखतंय का?' विचारू नका.

चालणं दुखण्यावर नाही, घड्याळावर ठरवा. तीन दिवस त्या सहज किती मिनिटं चालतात ते लिहा. सरासरी १२ आली तर ९ पासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. बरं वाटलं त्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही. सगळं बिघडतं ते इथेच: बरं वाटलं म्हणून माणूस तासभर बाजारात फिरतो, मग तीन दिवस अंथरुणावर. चालताना दुखणं दहापैकी चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालेल. तसं झालं नाही तर मिनिटं कमी करा. गोदाघाटाच्या पायऱ्या तूर्त नकोत, सपाट रस्ता निवडा. शक्यतो सोबतीला एखादी मैत्रीण असावी.

एक दिवसाआड भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून आठ वेळा उठबस, थोडं थांबून पुन्हा आठ. जड गेलं तर बैठकीवर कडक उशी ठेवून उंची वाढवा.

झोपेसाठी रोज उठायची वेळ एकच ठेवा, दुपारची डुलकी अर्ध्या तासात संपवा, संध्याकाळी चहा नको. जमिनीवर बसता येत नाही म्हणून भजनी मंडळ सुटलं असेल, तर तिथे त्यांच्यासाठी खुर्ची मागून घ्या. माणसांत परत जाणं हा इथे उपचाराचाच भाग आहे, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो.

शोक स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसेल, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं झाल्याचं त्या बोलत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याचं एकदा बोलल्या तरी त्याच दिवशी. ड्युलोक्सेटिनसारखं औषध काहींना नैराश्य आणि गुडघेदुखी दोन्हींत उपयोगी पडतं. ते डॉक्टरांनीच ठरवावं आणि एकदम थांबवू नये. दुकानातून आणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब बिघडवू शकतात.

गुडघा गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर आमवातासाठी तपासणी करून घ्या.