उलट उत्तर, शेवटचा बाक आणि मधल्या सुट्टीनंतरचा तास

माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांनी मुलांच्या वागणुकीबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

नववीची तुकडी, पटावर ६४ मुलं. माझा भूगोलाचा तास नेमका मधल्या सुट्टीनंतर येतो. ३५ मिनिटांपैकी पहिली दहा मिनिटं ‘शांत बसा’ म्हणण्यातच जातात. शेवटच्या दोन बाकांवरची सात-आठ मुलं तर पुस्तकही उघडत नाहीत. घसा बसायची वेळ आली आहे. — एक शिक्षिका, सांगली जिल्हा

आठवड्याला तीन तास धरले तरी तीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक अख्खा तास दर आठवड्याला बुडतो. तेव्हा यावर दोन आठवडे खर्च करणं परवडतं. ‘पोर्शन मागे पडेल’ ही भीती मनातून काढा, तो आत्ताही मागेच पडतो आहे.

‘शांत बसा’ चालत नाही, कारण त्यातून काय थांबवायचं ते कळतं, काय करायचं ते कळत नाही. शिवाय ६४ पैकी चाळीस-पन्नास मुलं एव्हाना गप्प झालेली असतात. त्यांनाही रोज बोलणी बसतात आणि हळूहळू तीही तुमचं ऐकणं सोडतात.

घंटेच्या दोन मिनिटं आधी स्टाफरूममधून निघा आणि मुलं आत येताना दारात उभ्या राहा. पळत येणारा दारातच चालू लागतो, भांडण असेल तर ते तिथेच दिसतं. फळ्यावर एक काम आधीच लिहिलेलं असू द्या. ते समजावून सांगावं लागता कामा नये, चार मिनिटांत व्हावं आणि वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलालाही त्यातलं काहीतरी यावं. उदाहरणार्थ : ‘नकाशा उघडा. महाराष्ट्रातून पश्चिमेला वाहत जाणाऱ्या तीन नद्या वहीत लिहा.’ कुणी तापी लिहील, कुणी उल्हास, सावित्री, वाशिष्ठी. मुलं लिहीत असताना डोकी मोजून हजेरी घ्या, नावं पुकारू नका. चार मिनिटं झाली की तीन वेगवेगळ्या रांगांतल्या वह्या उचलून पाहा. हे रोज करा. वही बघितली जात नाही हे मुलांना तिसऱ्या दिवशीच कळतं आणि आठवड्यात ते काम मरतं.

त्यानंतर बोलायला सुरुवात करण्याची एकच खूण ठरवा. ठरलेल्या जागी उभं राहून हात वर करणं पुरतं. गोंगाटावर आवाज चढवून एक वाक्यही बोलू नका. पहिल्या दिवशी दोन मिनिटं थांबावं लागेल आणि ती फार लांब वाटतील. ही खूण मुलांना धड्यासारखी शिकवा, दोनदा सराव करून घ्या. बहुतेक ठिकाणी हे फसतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, शिक्षकच घाईत खूण सोडून पुन्हा ओरडू लागतात म्हणून.

आता शेवटचे बाक. आठही मुलांना एकाच दिवशी उठवून पुढे आणू नका, तिथल्या तिथे त्यांची टोळी पक्की होते. दर महिन्याला सगळ्या वर्गाच्याच जागा बदलायची पद्धत लावा, म्हणजे कुणालाच शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही. त्या बदलात दोघांकडे लक्ष द्या : विनोद करणारा आणि त्यावर सर्वांत आधी हसणारा. दोघांना एकाच रांगेच्या दोन टोकांना बसवलं तर ते नजरेनं बोलत राहतात. एकाला पुढे डावीकडे आणि दुसऱ्याला मागे उजवीकडे बसवा, म्हणजे पहिल्याला मान वळवल्याशिवाय काही साधता येणार नाही. बाकांमधून मागपर्यंत जाता येईल अशी निदान दोन फुटांची एक वाट मोकळी ठेवा. जिथे शिक्षकाचे पाय पोचत नाहीत तिथे दंगा मुक्कामाला असतो. तासातली दहा मिनिटं मागे उभ्या राहून शिकवा.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी १९७०च्या सुमारास शांत आणि बेशिस्त वर्गांची तुलना केली होती. दंगा झाल्यानंतर शिक्षक काय करतात यात त्यांना फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो दंगा व्हायच्या आधी शिक्षक काय करतात यात : सगळ्या वर्गावर नजर असणं, एका कामातून दुसऱ्यात जाताना खंड पडू न देणं. मागे जाऊन उभं राहायला सांगतो ते त्यासाठीच.

एक गोष्ट मात्र शिस्तीच्या आधी तपासा. त्या सात-आठ जणांना एकेकटं बोलावून पाचवीच्या पुस्तकातला एक उतारा मिनिटभर वाचायला द्या. अडखळत वाचणारे दोन-तीन तरी निघण्याची शक्यता मोठी आहे. नववीचं पुस्तक वाचता येत नाही हे उघडं पडण्यापेक्षा मुलाला टवाळ म्हणवून घेणं परवडतं. त्याच जागेवरून फळ्यावरचं वाचायलाही सांगा, कधी साध्या चष्म्याचा प्रश्न असतो. वाचन फारच मागे असेल तर पालकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित न जमण्याची) तपासणी सुचवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. मात्र ही धावपळ नववीतच सुरू करावी लागते, दहावीच्या डिसेंबरात नव्हे.

दहावीतला एक मुलगा. ‘गणिताची वही का नाही आणली?’ विचारलं की ‘नाही आणली, काय करणार?’ म्हणतो. वर्ग हसतो. बाहेर जा म्हटलं तर जागचा हलत नाही. पालकांना बोलावलं, वडिलांनी माझ्यासमोरच त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवसापासून तो जास्तच बिघडला. — एक शिक्षक, नाशिक जिल्हा

त्या उत्तरातून त्याला काय मिळतं ते आधी पाहा. पन्नास जणांचं हसू मिळतं आणि वहीचा विषय बाजूला पडतो. भर वर्गात विचारलेल्या ‘का’ला खरं उत्तर नसतंच. त्यापुढे खाली मान घालायची किंवा मान ताठ करायची, एवढेच दोन रस्ते उरतात. पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांसमोर कुठला निवडेल हे सांगायला नको.

म्हणून ‘का’ विचारूच नका. त्याच्या बाकाजवळ जा, समोर नाही, बाजूला उभे राहा आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगा : ‘हा कागद घे, तिसरं उदाहरण सुरू कर. वहीचं तास संपल्यावर बोलू.’ आणि लगेच पुढच्या बाकाकडे वळा. त्याच्याकडे बघत थांबलात तर ती झुंज होते. दहा-पंधरा सेकंद पाठ फिरवलीत तर तो मान राखून कागद ओढू शकतो. ओढताना काहीतरी पुटपुटेल, ते ऐकू आलं नाही असं धरा. पुटपुटणं ही त्यानं स्वतःची इज्जत राखायला मोजलेली किंमत असते. लिहायला लागला ना, तुमचं काम झालं. नेमके याच जागी बहुतेक शिक्षक हरतात. मुलानं ऐकलेलं असतं, आणि आपण ‘काय म्हणालास?’ म्हणून परत मागे वळतो.

लिहितच नसेल तर दोन पर्याय द्या, पण दोन्ही तुमच्या हातातले हवेत. ‘इथे लिही किंवा पुढच्या बाकावर बसून लिही, दोन मिनिटांनी येतो.’ दोन्ही नाकारले तर वाद न घालता ‘मग मधल्या सुट्टीत आपण दोघं बघू’ इतकंच म्हणा आणि मधल्या सुट्टीत खरंच बघा, त्याला डबा खायला वेळ उरेल अशा बेतानं. ‘बाहेर हो’ ही धमकी तुमच्या हातात नाही, ती पाळायची की नाही हे तो ठरवतो. आणि बाहेर गेलाच तर गणितातून सुटका हे त्याला बक्षीसच. व्हरांड्यातल्या मुलाची जबाबदारी शाळेवर असते ती वेगळीच.

दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवा. तारीख, कितवा तास, आधी काय झालं, तो काय बोलला, नंतर काय झालं. एका प्रसंगाला चार ओळी पुरेत. ‘उद्धट वागला’ असं लिहू नका, त्याचे शब्द लिहा. दहा नोंदी झाल्या की वाचा. त्यातल्या सात वही तपासणीच्या वेळच्या निघाल्या तर प्रश्न उद्धटपणाचा नाही, त्याला गृहपाठ जमत नाही किंवा घरी तो करायला जागा आणि वेळ नाही.

एका गोष्टीसाठी मनाची तयारी ठेवा. हशा आणि वादावादी बंद झाली की त्याचं वागणं पहिले सात-आठ दिवस आणखी बिघडेल. जे रोज मिळत होतं ते मिळेना, म्हणून तो जोर वाढवतो. उपाय फसला असं वाटतं ते याच दिवसांत. आठव्या दिवशी तुमचा तोल गेला तर त्याला कळतं की आठ दिवस ताणलं की मिळतं, पुढच्या वेळी तो दहा दिवस ताणेल.

पालकांचं झालं ते झालं. वडिलांनी वर्गासमोर किंवा स्टाफरूममध्ये हात उचलला की मुलाच्या मनात तो मार तुमच्या खात्यावर जमा होतो. त्यामुळे पुढचा फोन तक्रारीचा नको. त्यानं प्रयोगवहीतली एक आकृती नीट काढली असेल तर तेवढंच कळवा. आठवड्याभरानं आईवडिलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत, इतर कुणी नसताना बसवा. मागणी एकच ठेवा, म्हणजे रोज गणिताची वही. मुदत दोन आठवडे, पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवा. सहा तक्रारींची यादी पुढे ठेवलीत तर घरी पुन्हा मारच होईल.

छडी गेली आणि धाकच गेला, असं आमच्या शाळेतले ज्येष्ठ शिक्षक म्हणतात. कायदा आठवीपर्यंतच आहे ना? नववी-दहावीला थोडं चालतं का? — एक शिक्षक, बीड जिल्हा

चालत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं आणि तो कायदा आठवीपर्यंतचा आहे, हे खरं. पण २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. ताब्यातल्या मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल असं वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उठाबशा, उन्हात उभं करणं, अंगठे धरायला लावणं, जातीवरून वा घरच्या परिस्थितीवरून टोमणे मारणं यांना ‘हलकी शिक्षा’ समजण्याची चूक करू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी छडी कामाची नाही. तिनं दंगा थांबतो तो छडी हातात असलेल्या शिक्षकाच्या तासापुरता. पुढच्या तासाला येणाऱ्या नव्या शिक्षिकेला तो दामदुपटीनं भोगावा लागतो. ज्येष्ठांना जो धाक आठवतो त्यातला बराचसा ठामपणाचा होता : तासाला वेळेवर येणं, बोललेलं करणं, सगळ्यांना एक नियम. ते सगळं अजूनही हातात आहे. वर्गाचे नियम चार-पाचच ठेवा, करायच्या भाषेत लिहा आणि मोडल्यावर काय होणार तेही शेजारी लिहा. परिणाम लहान पण हमखास हवा. कागद फेकला तर सुटताना पाच मिनिटं थांबून आपली रांग झाडायची. पण हे आपल्या लाडक्या हुशार मुलालाही लागू करा. एकदा त्याला सूट दिलीत की नियम संपला.

तासाला मुलांनी माझा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. मोबाइल जप्त केला, त्यातले मेसेज बघावेत का? — एक शिक्षिका, ठाणे

बघू नका. फोन मुलासमोर बंद करून पाकिटात घाला, वर नाव, तारीख आणि वेळ लिहा, मुख्याध्यापकांकडे द्या आणि त्याच दिवशी पालकांच्या सहीनं परत करा. आठवडाभर कपाटात ठेवलेला फोन हरवला किंवा फुटला तर वाद तुमच्यावर उलटतो. व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि पालकांसमोर तो ग्रुपवरून काढायला लावा. वर्गात त्यावर भाषण नको, ज्यांनी पाहिला नव्हता तेही शोधून पाहतील.

आठवीतली एक मुलगी, हुशार, बोलकी. दिवाळीनंतर एकदम बदलली. बाकावर डोकं टेकून झोपते, मैत्रिणींवर खेकसते, शारीरिक शिक्षणाच्या तासाला पोटदुखी सांगते. सगळे म्हणतात, वयाचं आहे. — वर्गशिक्षिका, परभणी जिल्हा

दंगेखोर मुलाकडे शाळेचं लक्ष जातंच, अशा मुलीकडे जात नाही. तुम्ही हे लिहिलंत हे फार बरं झालं. अचानक झालेला बदल वयावर ढकलू नका. अशक्तपणा असू शकतो, पाळीचा त्रास, घरात धाकट्यांना सांभाळून होणारी अपुरी झोप, आईवडील ऊसतोडीला गेल्यानं नातेवाइकांकडे राहणं, लग्नाची बोलणी किंवा कुणी त्रास देणं.

तिला स्टाफरूममध्ये बोलावू नका. वह्या आणायला बरोबर घ्या, आणि लोकांच्या नजरेसमोर पण कानाआड असेल अशा जागी म्हणा : ‘हल्ली तू थकलेली दिसतेस. मला काळजी वाटते. आत्ताच सांग असं नाही, पण मी ऐकेन.’ मग गप्प बसा. पहिल्या वेळी ती बहुधा ‘काही नाही’ म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा विचारा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही.

कारण तिनं लैंगिक त्रासाचं काही सांगितलं, किंवा तसा संशय जरी आला, तर २०१२च्या पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखालाही. पुरावा शोधणं तुमचं काम नाही. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, त्या माणसाला शाळेत बोलावून समोरासमोर तर मुळीच करू नका. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. ‘तुझी चूक नाही’ हे तिला स्पष्ट सांगा आणि पुढे काय होईल तेही सांगा. घरातल्याच कुणाचं नाव आलं तर आधी घरी फोन करू नका. लग्न ठरत असल्याचं कळलं तरी १०९८ वर, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो. यातलं काहीच नसेल तर पालकांना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि तोवर तिला खिडकीजवळच्या बाकावर बसू द्या.