ठाण्यातील सामुदायिक रेडिओ केंद्राला परिसरातील बातम्या आणि संगीत प्रसारित करता येईल का?

संगीत निश्चितच प्रसारित करता येईल; बातम्यांवर मात्र मर्यादा आहेत. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ खुला करणाऱ्या २००६ च्या धोरणानुसार केंद्राला स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत, आणि आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रसारित करण्याची मुभा नंतर मिळाली. तथापि पाणीपुरवठा, वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, तसेच गडकरी रंगायतनातील प्रयोग किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहातील मैफली यांची माहिती बातमी मानली जात नसल्याने ती मोकळेपणाने देता येते. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून घडवावे लागतात. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण आगरी-कोळी गीते गाणाऱ्यांना त्यामुळे हक्काची वेळ मिळू शकते.