रक्कम नंतर, तारीख आधी

चि. —स,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर महिनोन्‌महिने चर्चा चालली आहे, कॉलेजसाठी काहीतरी करायचं म्हणून साडेचार लाखांचे आकडे लोकांनी लिहून दिलेत. अर्धे म्हणतात कॉलेजच्या दारात बॅचच्या नावाची कमान उभारू, अर्धे म्हणतात गरजू मुलांची फी भरू. आणि तू मला विचारतेस, किती जमले की सुरुवात करू? तुझ्या अख्ख्या पत्रात एकही तारीख नाही, गोंधळ तिथे आहे. पैसा मुलाच्या हातात कोणत्या तारखेला पोचायला हवा ते आधी ठरव. रक्कमसुद्धा त्यातूनच निघेल.

कमानीवर मी काही लिहीत नाही. तुलाही ती नकोच आहे.

फीचं मात्र नीट समजून घे, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच चुकतात. अभियांत्रिकीच्या गरजू मुलाच्या शिक्षण शुल्काचा मोठा भाग सरकारी योजना उचलतात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना निम्मं शुल्क मिळतं, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही फी भरायला गेलात तर बऱ्याच वेळा सरकार भरणारच होतं तेच भराल. मूल अडतं ते दुसरीकडे: वसतिगृहाची अनामत, मेसचा आगाऊ महिना, एसटीचा पास, बिघडलेला लॅपटॉप. डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून निर्वाह भत्ता आहे, पण महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे पैसे अर्ज, कॉलेजची छाननी, विभागाची मंजुरी आणि आधारला जोडलेलं खातं एवढं सगळं ओलांडून हप्त्याहप्त्याने येतात. सप्टेंबरची गरज मार्चमध्ये भागते. मेसवाला मार्चपर्यंत थांबत नाही.

म्हणून आधी वर्षाचं कॅलेंडर घे आणि त्यावर मुलांच्या खर्चाच्या तारखा लिही. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत जागा मिळाली की कॉलेजात हजर होऊन पैसे भरायला मोजके दिवस मिळतात. त्याच आठवड्यात वसतिगृहाची अनामत लागते. पुढच्या महिन्यात मेस. मग परीक्षेचा अर्ज, आणि मुदत चुकली की विलंब शुल्क. स्पर्धेच्या संघाला नोंदणीचे पैसे स्पर्धेच्या कितीतरी आधी भरावे लागतात, आणि रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तिकिटाचे पैसे दोन महिने आधी हवेत. उन्हाळ्यात इंटर्नशिप: मानधन पहिला महिना संपल्यावर मिळतं, खोलीचं डिपॉझिट पहिल्या दिवशी द्यावं लागतं. पुण्यात किंवा बंगळुरात मिळालेली चांगली इंटर्नशिप खेड्यातली मुलगी नाकारते ती बहुतेक वेळा याच एका महिन्यासाठी. २०,००० रुपये १ जूनला मिळाले तर तिची पुढची नोकरी बदलू शकते. तेच २०,००० ऑगस्टमध्ये सत्कार करून दिले तर फोटो निघतो, एवढंच.

आता तुमच्या साडेचार लाखांचं काय करायचं ते सांगतो. यातले ३ लाख फिरता निधी म्हणून वेगळे काढ. एका मुलाला जास्तीत जास्त १५,०००, म्हणजे एका वेळी २० मुलं. व्याज नाही, जामीनदार नाही, बाँड नाही. शिष्यवृत्ती जमा झाली की मुलाने परत करायचे, तेच पुढच्या मुलाला. दहातला एक परत करणार नाही हे धरूनच हिशेब मांड आणि त्याच्या मागे लागू नकोस. ती तूट बॅचने दरवर्षी भरून काढायची. उरलेल्या दीड लाखातून इंटर्नशिपचे आणि स्पर्धेचे खर्च द्यायचे, ते परत मागायचे नाहीत.

पैसे मुलाच्या हातात की परस्पर? शक्य तिथे परस्पर: मेसचालकाच्या खात्यात, वसतिगृहाच्या खात्यात. यात अविश्वास नाही. घरात अडचण असली की मूल स्वतःची मेस सोडून पैसे घरी पाठवतं, हे लक्षात ठेव. निवडीसाठी तीन माणसं पुरेत: एक प्राध्यापक, वसतिगृहाचा रेक्टर आणि तुमच्यातला एक. अर्ज एका पानाचा. निर्णय सात दिवसांत, दोघांच्या सहीने. तिसरा गावाला गेलाय म्हणून काही अडता कामा नये. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, म्हणून तो नंतर घ्यायचा. आधी रेक्टरचा शब्द चालवायचा. मुलांची नावं गटावर टाकायची नाहीत, धनादेश देतानाचा फोटो काढायचा नाही. यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही, तूही घेऊ नकोस.

कॉलेजच्या सर्वसाधारण खात्यात पैसे जमा करू नका. तिथले लोक वाईट आहेत म्हणून नव्हे. त्या खात्यातून पैसा बाहेर यायला तीन दरपत्रकं, खरेदी समिती आणि मंजुरी लागते, आणि ही पद्धत यंत्रं घ्यायला बनवलेली आहे. मुलाच्या मेसचं दरपत्रक कोण देणार? माजी विद्यार्थी संघाचं स्वतःचं खातं हवं. संघ नोंदलेला आहे का ते आजच बघ. असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे शेवटचा बदल अर्ज कधी दाखल झाला तेही बघ. कार्यकारिणी बदलल्यावर तो ९० दिवसांत द्यायचा असतो, आणि असंख्य संघ तो देत नाहीत. मग कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि पैसा खात्यात असून मुलाला मिळत नाही. नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन जवळ आलं की कॉलेजला माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा निकष आठवतो आणि संघाची धावपळ सुरू होते. त्या धावपळीचा फायदा घे, बदल अर्ज तेव्हाच पूर्ण करून घे.

देणगीदारांना काय सांगशील? देणगीवरच्या करसवलतीची, म्हणजे ८०जी म्हणतात ती पावती हवी असेल तर पॅन द्या, २,००० रुपयांवर रोख नको. जे नव्या करपद्धतीत आहेत त्यांना ही सवलत मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांग, नाहीतर मार्चमध्ये तुझ्यावर चिडतील. परदेशातल्या मित्रांना पासपोर्ट विचार. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती परदेशी देणगी नाही. नागरिकत्व बदललेल्याची मात्र परदेशी देणगी होते, अगदी ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणारं) कार्ड असलं तरी. परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं त्यासाठीचं खातं नसेल तर ती घ्यायचीच नाही. मित्राच्या भावाच्या खात्यातून फिरवून आणू, असं कुणी सुचवेल. तिथेच थांबव.

कायम निधी करू, व्याजातून देत राहू, असं गटावर कुणीतरी म्हणणारच. चांगली गोष्ट आहे, पण हिशेब कर. १० लाखांवर ७ टक्क्यांनी ७०,००० येतात. सगळे वाटून टाकले तर दहा वर्षांनी त्या ७०,००० मध्ये आजच्याइतक्या मुलांचं भागणार नाही. ४५,००० वाट, २५,००० मुद्दलात घाल. देणाऱ्याकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी घे, नाहीतर ती त्या वर्षाचं उत्पन्न ठरते. आणि इथेही तारीखच! ठेव मार्चमध्ये ठेवली की मार्चमध्ये सुटते, व्याज मार्चमध्ये येतं, आणि वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के ३१ मार्चच्या आत खर्च करायचे म्हणून खजिनदार कपाटं विकत घेतो. व्याज तिमाहीला खात्यात येईल अशी ठेव घे, आणि मुदत जूनमध्ये संपेल अशी.

इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, आधीचे ८५ धरून ४०० कोटी. ती बातमी तुमच्या गटावर कुणीतरी टाकली आणि सगळे गप्प झाले, असं तू लिहितेस. गप्प होण्याचं कारण नाही. तिथे माजी विद्यार्थ्यांशी संबंध सांभाळायला स्वतंत्र अधिष्ठाता आहे. तुमच्याकडे तू आहेस आणि रविवारची दुपार आहे. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करते आहे. तुमचं काम त्या जातीचं आहे, आकाराने कितीही लहान असलं तरी.

मला बैठकीत हट्टी म्हणतात. विषय कुठलाही असो, हा माणूस तारखेवर येतो, असं म्हणतात. येतो. आमच्या पिढीच्या माजी विद्यार्थ्यांनी सभागृहं दिली, पाण्याच्या टाक्या दिल्या, संगमरवरी पाट्या दिल्या. त्याच सभागृहाच्या मागच्या वसतिगृहात सप्टेंबरमध्ये एक वेळ जेवणारी मुलं होती, आणि शिष्यवृत्ती मंजूर आहे म्हणून कुणी त्यांना गरजू धरलं नाही. हा सल जात नाही. माझा हट्ट तिथून आलेला आहे आणि तो सोडायला मला कारण दिसत नाही. कागद पूर्ण होऊ द्या, मग बघू, हे वाक्य मी फार ऐकलं आहे. तू ते ऐकून घेऊ नकोस. स्वतःही म्हणू नकोस.

लिहून दिलेल्या आकड्यांपुढे आजच एक रकाना वाढव: पैसे कधी देणार. ज्यांचा रकाना रिकामा राहील त्यांची रक्कम बेरजेतून काढ. साडेचारचे बहुधा अडीच होतील. मग फिरता निधी दीड लाखाचा कर, मुलं दहा घे, पण ३० जूनला खात्यात पैसे असले पाहिजेत. रेक्टरना याच आठवड्यात भेट आणि गेल्या वर्षी मेसची थकबाकी किती मुलांची होती, कोणत्या महिन्यापासून, ते नावं न घेता लिहून आण. तो कागद गटावर टाक. निधीच्या नियमांचा मसुदा झाला की मला पाठव, ठरावाची भाषा मी बघून देतो. संघाची नोंदणीच नाही असं निघालं तर लगेच फोन कर, कारण मग या वर्षापुरता वेगळा रस्ता काढावा लागेल आणि तो जूनच्या आत काढायचा आहे.

तुझा,
सर