भाडं थकलंय म्हणून दुकान खाली करून मिळेल का?

जालन्यातलं वडिलांचं दुकान भाडेकरू सोडत नाही, आठ महिन्यांचं भाडंही थकलंय, तर थकबाकीवर दावा लावला की ताबा मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. सेलूत आम्ही हाच दावा लावला आणि हरलो, म्हणून कळवळून लिहितोय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 15प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यायची, 90 दिवस थांबायचं, मग दावा. तरीही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूनं सगळी बाकी 15 टक्के सरळव्याजानं आणि खर्चासह कोर्टात भरली, पुढचं भाडंही भरत राहिला, की थकबाकीवर ताबा मिळत नाही. आमच्या भाडेकरूनं तेच केलं. पैसे आले, दुकान तिथंच राहिलं.

दुसरा दावा कलम 16खाली, स्वतःच्या खऱ्या गरजेवर लावला. धाकट्या भावानं डी. फार्म. (औषधशास्त्राची पदविका) केलेलं, त्याला मेडिकल टाकायचं होतं. तो स्वतः साक्षीला उभा राहिला. समोरच्या वकिलांनी विचारलं, घराच्या पुढच्या खोलीत का नाही टाकत? किरकोळ औषध दुकानाला किमान 10 चौरस मीटर जागा लागते आणि आमची खोली तेवढी नाही, हे त्यानं मोजमापासकट सांगितलं. तुमच्याकडे अशी गरज असेल तर ती इतकी बारकाईनं मांडा. नसेल तर रचू नका, उलटतपासणीत टिकत नाही.

यात कोर्ट अडचण कुणाची मोठी, हेही तोलतं. आम्ही नगरपालिकेतून मालमत्ता कराचे उतारे काढले, तर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भाडेकरूच्या बायकोच्या नावानं बंद गाळा निघाला. तिथं दावा आमच्या बाजूला झुकला.

जुनी माणसं रेंट कंट्रोलरकडे जायला सांगतील. ती पद्धत मराठवाड्यात लागू असलेल्या 1954च्या हैदराबादच्या कायद्यातली, तो कायदा 31 मार्च 2000पासून गेला. आता दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडेच जायचं. आणि रागाच्या भरात वीज तोडू नका, कुलूप ठोकू नका. आपलीच बाजू लंगडी होते.

ताबा मिळाल्यावर महिन्याभरात आपण ती जागा वापरायला घेतली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर जुना भाडेकरू कलम 17खाली ती परत मागू शकतो. त्यामुळे कोर्टाच्या बेलिफानं ताबा दिला त्याच आठवड्यात भावानं रॅक आणून लावले.